कानबाईसाठी टीव्हीसमोर पळाले

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी धुळ्याला निघाले, त्याच्या आदल्या आठवड्यात माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो भरलं. हा आकडा अंदाजाचा नाही. जळगावात आम्ही वर्षाचे गहू ज्या दुकानातून भरायचो, तिथल्या मोठ्या काट्यावर मी स्वतः उभी राहिले होते. दुकानदार हसत म्हणाला, "वहिनी, बारदान वजा करू का?" गोणीचं वजन कापतात तसं साडीचं कापू का, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "त्यानं काय होणार? भरलं तेवढं सांगा."

डॉक्टरांनी सत्तरवर या, असं सांगितलं होतं. साखर अजून हद्दीत होती, पण हद्दीला टेकून. खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या धाकानं मी एक वेळचा भातही सोडला नव्हता. मला चैन पडू देत नव्हती ती वेगळीच गोष्ट.

आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साडी, दागिने. सोमवारी सकाळी चौरंगासकट तिला डोक्यावर घेऊन नदीपर्यंत चालत जायचं. माझं सासर अमळनेरजवळच्या एका गावात. आमच्या घरात देवी डोक्यावर घ्यायचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. घरापासून नदी फार तर किलोमीटरभर. निम्म्या वाटेवर पिठाची गिरणी. मागच्या वर्षी त्या गिरणीपाशी माझा श्वास संपला. डोळ्यांपुढे अंधारी आली, चौरंग तिरका झाला, आणि धाकट्या जाऊबाईनं तो वरच्या वर झेलला. पुढची वाट तीच देवी घेऊन गेली. मी मागून, पदरानं तोंड पुसत.

दुपारी जेवताना सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पुढला सालले धाकलीच लई जाई."

म्हणजे पुढच्या वर्षी देवी धाकटी घेऊन जाणार. रागानं नाही बोलल्या. घरात मोडका पाट बदलावा तशा बोलल्या. म्हणूनच ते लागलं.

मी काही फार देवभोळी नाही. पण लग्न होऊन आले तेव्हा मला ना गाय दोहता येत होती, ना चुलीवर मोठ्या घरचा स्वयंपाक. शहरातली म्हणून नाव पडलं होतं. त्या पहिल्या श्रावणात सासूबाईंनी स्वतःच्या डोक्यावरून चौरंग उतरवून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि नदीपर्यंत मला कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून ती वाट माझी होती. ती जाईल या विचारानं मी वर्षभर घरात एका जागी बसू शकले नाही. पोळ्या लाटता लाटता उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे.

डॉक्टर म्हणाले, चाला. मी दोन सकाळी चालले. पहिल्या दिवशी शेजारच्यांनी विचारलं, "काय वहिनी, पायी? कुणी गेलं का?" दुसऱ्या दिवशी यांच्या ऑफिसातल्या एकानं स्कूटर थांबवली आणि घरापर्यंत सोडल्याशिवाय ऐकेना. त्या काळी आमच्या वसाहतीत बाईमाणूस उगीच चालत नसे. तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही.

तर आखाजीला माहेरी गेले. भाऊ सुरतेच्या कापडबाजारात होता. त्यानं मुलांसाठी तिथून टीव्हीवर खेळायचा गेम आणला होता. त्याच्याबरोबर प्लॅस्टिकची एक चटई होती, तिच्यावर लाल-निळे गोल. चटईची वायर गेमच्या डब्याला जोडायची, डबा टीव्हीला. मग त्या गोलांवर पाय आपटत जागच्या जागी पळायचं. तुम्ही पळाल तसा पडद्यावरचा चड्डीतला माणूस पळतो. तुम्ही उडी मारली की तो अडथळ्यावरून उडी मारतो. तुम्ही थांबलात की तो अडथळ्याला आपटून पडतो. मुलं चटईवर पळत नसत. खाली बसून हातांनीच गोल बडवत आणि शर्यत जिंकत.

मी गंमत म्हणून एकदा उभी राहिले. पहिला अडथळा यायच्या आत मला गिरणीपाशी लागली होती तशी धाप लागली. अगदी तशीच. मी चटईवरून खाली उतरले नाही, तिथंच उभी राहिले.

वहिनी म्हणाली, "आवडलं का? मग घेऊनच जा हे सगळं. पुढच्या वर्षी याची दहावी आहे. घरात नको मला."

भाचा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, असं नंतर कळलं.

आमच्या घरी हे ऑफिसला गेले, मुली शाळेत गेल्या की मी पुढचं दार लावायची, पडदे ओढायची, आवाज पूर्ण बंद करायची आणि चटई पसरायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचायची. पहिले काही दिवस मांडणीवरचे डबे वाजत. एकदा हे लवकर घरी आले आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "काय गं, भूकंप झाला का?" मी दार उघडलं. चटई पाहून ते खूप हसले. मग स्वतः पळून पाहिलं आणि सोफ्यावर बसून पाणी मागितलं. त्यानंतर हसले नाहीत.

वीज जायची, तेव्हा मी अंधाऱ्या टीव्हीसमोरही पाय हलवत राहायची. वीज येईल म्हणून थांबून बसणं मला जमत नव्हतं. ज्येष्ठ महिना संपेपर्यंत तीन अडथळे पार व्हायला लागले, मग अख्खी शर्यत. काट्यावर साडेपंचाहत्तर भरले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, घट आली. माल वाळला." तो धान्याचीच भाषा बोलायचा.

पण एक हिशेब चुकत होता, तो आषाढात माझ्या लक्षात आला. मी मोकळ्या हातांनी पळत होते. नदीच्या वाटेवर डोक्यावर सहा-सात किलोंचा चौरंग असतो, हात वर धरलेले असतात, मान हलवायची नसते. पळून छाती तयार झाली, मानेचं काय? म्हणून मी डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर पाट, पाटावर पाण्याचा तांब्याचा कलश. देव्हाऱ्यातला नव्हे, स्वयंपाकघरातला. वर पाणी स्थिर हवं आणि खाली पाय भराभर पडायला हवेत. दोन्ही एकदम होईना. पाय भराभर टाकले की कलश डुचमळे, मान सांभाळली की पडद्यावरचा माणूस मागं पडे. मी कलश धरून ठेवला. तो माणूस रोज शेवटचा येऊ लागला.

श्रावण आठवड्यावर आला होता. एका सकाळी सासूबाई आल्या, न सांगता. देवीच्या नथेचा फासा सैल झाला होता, तो जळगावच्या सराफाकडून नीट करून घ्यायचा होता. पुढचं दार बंद दिसलं म्हणून त्या मागच्या दारानं आत आल्या. मागच्या दारातून टीव्हीची फक्त पाठ दिसते. आवाज मी बंद केलेला. त्यांना दिसली ती मी. केस सुटलेले, अंग घामानं भिजलेलं, डोक्यावर पाट आणि कलश, डोळे एका जागी लागलेले, पाय थडाथड आपटताहेत आणि तोंडातून हुं हुं असा श्वास चाललाय.

पिशवी पडल्याचा आवाज आला म्हणून मी पाहिलं. सासूबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या. हात जोडलेले.

"माय वं," त्या म्हणाल्या, "काय चुकनं आमनं? सांग."

मला कळेना. माझे पाय अजून चालूच होते.

"धाकलीले मान देवाना इचार करा मी. तोच चुकना का? सांग माय. तू म्हनशी तसं करसू."

तेव्हा समजलं. माझ्या अंगात कानबाई आली, असं त्यांना वाटलं होतं. ज्या बाईनं मला कधी शब्दानं दुखवलं नाही आणि कधी शब्दानं गोंजारलंही नाही, ती माझ्या पायाशी बसून माझाच मान मला परत देत होती. नुसती मान हलवली असती, तर जन्मभर तो चौरंग माझ्या डोक्यावरून कुणी काढला नसता. तेही मला त्याच क्षणी कळलं. लपवत नाही.

पण मग मी गेले तीन महिने पळाले ते कशासाठी?

मी कलश खाली ठेवला. "आत्याबाई, उठा. अंगात काही आलं नाही. हा खेळ आहे. व्यायाम करतेय मी."

त्या उठेनात. "देवी आसंच सांगस. नही म्हनस."

हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. खरं सांगूनही पटेना. मी त्यांना दंडाला धरून उठवलं, टीव्हीसमोर आणलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. चड्डीतला माणूस अडथळ्यापाशी पालथा पडला होता.

"हाऊ कोन शे?"

"मी."

"तू?"

"मी पळते तेव्हा तो पळतो. हे बघा." मी चटईवर चढून पाय आपटले. तो उठला आणि धावू लागला. मी थांबले, तो पुढच्या अडथळ्याला धडकला.

सासूबाई पडद्याजवळ जाऊन वाकल्या. "मुडदा पडी गया," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. गुडघ्यांवर बसल्याची लाज आता रागात उतरत होती. "आनि मी पाया पडनू! कोनले सांगशी?"

"कुणालाच नाही."

"घरधनीले बी नही?"

"त्यांनाही नाही."

चहा झाला. त्या बशीत ओतून प्यायल्या. मी समोर बसले होते आणि माझा पाय टेबलाखाली हलत होता. शेवटी बशी ठेवून म्हणाल्या, "औंदा तूच ले. गिरणीपावत. मंग दखू."

मला तेवढं पुरे होतं. गावी जायच्या आदल्या दिवशी काट्यावर साडेचौऱ्याहत्तर भरले. डॉक्टरांचे सत्तर अजून साडेचार किलो लांब होते. शिवाय आता कानबाईचे रोट होते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गव्हाचं ते जेवण पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचं, बाहेर द्यायचं नाही. म्हणजे काटा परत वर जाणार, हे ठरलेलंच होतं. त्याचा विचार मी नंतरवर टाकला.

सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर आला. धाकटी जाऊबाई नवी साडी नेसून माझ्या शेजारी चालत होती. तिचा काही दोष नव्हता. तिला वर्षभरापूर्वी शब्द मिळाला होता आणि तो परत घेतल्याचं तिला आदल्या रात्री कळलं होतं. गिरणी आली. पट्ट्याची घरघर ऐकू आली. जाऊबाईनं दोन्ही हात वर केले.

"ताई, द्या ना आता."

"थोडं पुढे."

"मागच्या वेळेसारखं होईल हो."

"थोडं पुढे गं."

बोलता येत होतं, म्हणजे श्वास होता. मान ताठ ठेवली. पाय मोजले नाहीत, फक्त डावा, उजवा, डावा, उजवा. गिरणी मागं गेली. मग बाभळी, मग उतार. जाऊबाई सबंध वाट हात अर्धे वर धरून माझ्याबरोबर आली. कदाचित झेलायला, कदाचित घ्यायला. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

नदीत घोट्यापर्यंत पाणी होतं. सासूबाईंनी पुढं येऊन चौरंग स्वतःच्या हातांनी उतरवून घेतला. आरती झाली, बायकांच्या फुगड्या सुरू झाल्या. मी पाण्यातच उभी होते. डोकं हलकं झालं होतं, पण पाय थांबत नव्हते. डावा, उजवा. पाणी माझ्या साडीवर उडत होतं, शेजारणीच्या साडीवरही. मला ते कळतही नव्हतं.

सासूबाई जवळ आल्या, माझ्या कानाशी वाकल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "बस कर आता. पुढला साले बी तूच शे."

मी पाय पाण्यात रोवून उभी राहिले. तरी उजव्या पायाचा अंगठा वाळूत हलतच होता.