मोहाच्या वाटेवरचं कुलूप

मंडळी, दवाखान्यातून आत्ताच परतलो, तसाच लिहितो.

आपलं जंगल राखायला सरकारनं रोखे काढले, तेव्हा मीही हौसेनं घेतले होते. त्या पैशातून कुंपण झालं, फाटक बसलं, पाटी लागली : 'जंगल सर्वांसाठी खुले'. तेच पाहायला आज भद्रावतीहून पहाटेच गाडी काढली.

फाटकाला कुलूप. बाहेर टोपल्या घेऊन गावच्या बाया उभ्या. मोहफूल पहाटे गळते, उशीर झाला की हरणं-अस्वलं खाऊन टाकतात. फाटक मात्र नऊला उघडणार, आम्हा फिरायला येणाऱ्यांच्या सोयीनं.

"माहं झाड आतमंधी हाय, उघड ना बापू," एक म्हातारी चौकीदाराला म्हणाली. इथं प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असते. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वेचत नाही.

"मले आर्डर नाई," तो म्हणाला.

म्हातारीनं कमरेची कुऱ्हाड काढून कुलपावर घातली. त्यानं तिच्या हातावर काठी हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग साऱ्या बाया त्याच्यावर तुटून पडल्या. दगडानं त्याचं डोकं फुटलं. मी मधात पडलो, तर माझाही ओठ फाटला.

म्हातारी अन् चौकीदार, दोघांनाही गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मोडका हात छातीशी धरून म्हातारीनं वाटेत मला सहज विचारलं, "भाऊ, तुमचं झाड कोनतं हाय?"

माझं एकही झाड नाही. पण ते फाटक माझ्यासाठीच उघडणार होतं.

रोखे घेतलेले अजून कोण कोण आहात इथं? तुम्ही तिला काय सांगितलं असतं?