माझी जाऊ न्यागाय

न्यागाय माझी जाऊ. वयाने माझ्या आईहून मोठी, माझ्या मुलांची आजी, तरी जाऊच. आमच्यात गुरं ज्याच्या नावाने दिली तो नवरा, मग तो जिवंत असो वा नसो.

तिचं लग्न थोआनशी लागलं तेव्हा थोआनला सोबाट नदीने नेऊन बरेच दिवस झाले होते. बिनलग्नाचा गेलेला माणूस घरावर रुसून राहतो, म्हणून त्याच्या धाकट्या भावाने, वियुआलने, त्याच्या नावाने गुरं देऊन तिला आणलं. संसार वियुआलबरोबर, बायको थोआनची. मुलगा झाला, बूम. तोही थोआनचाच. वियुआलला तो जन्मभर काका म्हणाला.

थोआन तिच्या स्वप्नात यायचा. पहाटे गोठ्यात शेणाचा धूर दाटलेला असायचा आणि त्या धुरातून तो ओल्या अंगाने चालत यायचा, गुडघाभर पाण्यातून यावं तसा.

"तुझा भाऊ येऊन गेला," ती सकाळी वियुआलला सांगायची.

"काय म्हणाला?"

"काही नाही. तांबड्या गाईकडे बघत उभा होता."

मग वियुआल दिवसभर त्या तांबड्या गाईला राख चोळत बसायचा.

त्याचं स्वतःच्या नावाचं लग्न मात्र राहूनच गेलं. कधी गुरांत साथ आली, कधी पूर. शेवटी तापाने तो गेला. न्यागाय रडली ती दीर गेला म्हणून; बायको म्हणून रडायची तिला सोय नव्हती.

त्यानंतर तोही स्वप्नात येऊ लागला. दारापर्यंत यायचा, आत यायचा नाही. तिने बूमला बोलावलं.

"काकासाठी बायको आण."

"आई, आधी माझं तरी होऊ दे."

"तुझं तुझा मुलगा करील. काकाचं करायला तुझ्याशिवाय कोण आहे?"

बूमने वियुआलच्या नावाने गुरं दिली आणि मला आणलं. संसार बूमबरोबर, बायको वियुआलची.

पहिल्या दिवशी मी तिला सासूबाई म्हणाले.

"सासू कोण इथं? जाऊ म्हण," ती म्हणाली. "जन्मभर वियुआलची पेज ढवळली मी, आणि बायको तू."

"राग येतो का माझा?"

"येतो. दूध पी, निवतंय."

वियुआलला मी कधी पाहिलं नव्हतं. रोज दूध घुसळताना ती त्याच्याबद्दल सांगत बसायची. तो डावा पाय ओढत चालायचा. माशाचा काटा घशात अडकेल म्हणून भ्यायचा. झोपेत गुरांना हाका मारायचा.

"हे सगळं मला कशाला?" मी एकदा विचारलं.

"स्वप्नात आला तर ओळखायला नको? नवरा आहे तुझा."

एका पहाटे तो आला. डावा पाय ओढत आला आणि धुराशेजारी बसला. मी तिला सांगितलं. ती घुसळायची थांबली.

"आत आला?"

"आत आला."

ती घुसळणं तसंच टाकून उठली. त्या दिवशीचं दूध नासलं.

पुढच्या पावसाळ्यात मला मुलगा झाला. न्यागायने त्याला उचललं आणि चिखलातून घराघरापुढे नेलं. कुणी विचारलं, कुणी नाही विचारलं, प्रत्येक दारात ती तेच सांगत होती, "वियुआलचा मुलगा. बघा, वियुआलचा मुलगा." बूमला कडेवर घेऊन तिला असं कधी म्हणता आलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत ती परतली नाही. पोर भुकेने रडत होतं, आणि मी तिला हाक मारली नाही.