गोठलेली जिन

एका बाटलीतली जिन गोठली आणि एक माणूस ठाण्यात आला, ती घटना आजही आठवते. सत्तरच्या दशकात मी साताऱ्याला फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एक निवृत्त कर्नल आत शिरले. आपल्या खानसाम्याला त्यांनी दंडाला धरून आणले होते. खानसामा वडूजकडचा, पलटणीच्या मेसमध्ये उमेदीची वर्षे घालवलेला.

"याला आत टाका," कर्नल गरजले. "माझी जिन चोरून बाटल्यांत पाणी भरतो!"

"न्हाई वो, फौजदारसाहेब," खानसाम्याने हात जोडले. "पोरीच्या लग्नाची सुपारी फुटलीया. चोरीचा आळ घिऊन गावात कसा जाऊ?"

मी त्याला लॉकअपमध्ये न टाकता बाकावर बसवले आणि कर्नलसाहेबांचा जबाब घेतला. जबाब कसला, मार्टिनी या त्यांच्या रोजच्या पेयावरचे व्याख्यानच ते! जिन भरपूर, वर्मूथ ही वाइन नावापुरती, बर्फात सावकाश ढवळायची, गाळायची, वर लिंबाची साल पिळायची. ऑलिव्ह साताऱ्यात मिळणार कुठे? पण पाणी सुटून पातळ झाली की ती मार्टिनीच नव्हे. म्हणून कपाटातली बाटली आधी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात जायची. अस्सल जिन तिथे गोठत नाही. आदल्या दिवशी ठेवलेली बाटली मात्र दगड झाली होती.

"कप्प्यात ठेवली कुणी?" मी विचारले.

"यानेच. रोज हाच ठेवतो."

तिथेच माझी खात्री पटली. पाणी घालणारा माणूस तीच बाटली आपल्या हाताने बर्फात कशाला ठेवील? ज्याला घरातली ही रीत ठाऊक नाही, त्याचे हे काम. घरी कोणाचे जाणे-येणे असते ते मी विचारले. आष्ट्याचा एक भाचा नेहमी मुक्कामाला असे. मोठा आदबशीर. मामा प्यायला बसले की तो मान राखून उठून जाई. मार्टिनी कशी होते, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते.

कर्नलसाहेबांना घरी तोंड न उघडण्याची ताकीद देऊन मी आष्ट्याकडे खबऱ्या सोडला. संध्याकाळी तो परत आला तो हसतच. "हाटेलात मिलिटरीची जिन लय चाललीया, साहेब. कुणाचा तरी भाचा आनून देतोय म्हनं."

भाच्याला बोलावून घेतले. कडक इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर घाम नाही. मी आवाज चढवला नाही. बाटल्यांची चोरी झाली आहे, एवढेच सांगितले.

"त्या खानसाम्याशिवाय कोण, साहेब? बाटलीत पाणी भरायला दुसरं कोण जातंय?"

"पाण्याचं तुला कुणी सांगितलं?"

गडी पांढराफटक पडला. हॉटेलवाल्याला समोर उभे केल्यावर तर त्याने सगळेच कबूल केले.

पुन्हा ठाण्यात बोलावलेले कर्नलसाहेब आता नरमले. "घरचा मामला आहे, मिटवून टाका."

"लष्करी कँटीनच्या कोट्याची दारू बाहेर विकणं घरचा मामला नाही, साहेब," मी म्हणालो आणि गुन्हा दाखल केला. त्यांना राग आला, पण मला त्याची पर्वा नव्हती.

जाताना ते खानसाम्याला म्हणाले, "चल घरी."

तो बाकावरून उठला नाही. "येतो, साहेब. पर आदी हितंच सांगा, समद्यांम्होरं."

ठाणे अंमलदाराचे लेखन थांबले. कर्नल ताठ उभे राहिले. मग परेडवर घुमावा तसा आवाज आला, "हा माणूस चोर नाही. चूक माझी आहे."

खानसामा ढसाढसा रडला. माझेही डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आरोपी पकडला की खात्यात पाठ थोपटतात. निर्दोष माणसाचे नाव त्याला परत मिळवून देणे हाही तपासच आहे, हे त्या दिवशी मला कळले. त्यानंतर ज्याच्यावरचा आळ खोटा ठरला, त्याला मी माझ्या ठाण्यातून कधी गुपचूप सोडले नाही.