बारा मिनिटांचा कॉम्प्युटर

ऑफिसात मामांना सगळे फूटपट्टी म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे काढले. निवृत्त होताना आपला जुना कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला. तो सुरू व्हायला बारा मिनिटं लागत. तोवर मामा खुर्चीत बसून राहत.

रविवारी भाची आली. "अहो मामा, हा तर गोगलगाय झालाय! सुरू होतानाच किती प्रोग्राम आपोआप उघडतात बघा." तिने यादी काढली. "हा हजेरीचा. बंद करू?"

"कर."

"ऑफिसच्या मेलचा?"

"कर."

"आणि नकाशांचा? लागला तर तुम्ही स्वतः उघडा."

मामांनी मान डोलावली. त्यांना वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू झाला. स्क्रीनवर काहीच उघडलेलं नव्हतं. मामा जरा वेळ बघत राहिले, मग त्यांनी भाचीला फोन लावला.

"झाला गं सुरू, लगेच."

"बघा! म्हटलं नव्हतं?"

"हो. आता काय करू?"

भाचीला वाटलं, मामा थट्टा करताहेत. ती खळखळून हसली. तिचं हसणं संपेपर्यंत मामा फोन कानाशी धरून राहिले आणि मग त्यांनी तो ठेवून दिला.