बुधवंतमामांची बारीक गोळी

बुधवंतमामा शर्टाची एकच बाही घालायचे, उजवी. डावा हात, डावा खांदा आणि डावी बरगडी कायम उघडी. थंडीतसुद्धा उघडी, आणि आमच्याकडची थंडी कशी असते ते अणशीच्या घाटातून पहाटेच्या बसने आलेल्यालाच ठाऊक. कुळगीच्या जंगल-कॅम्पकडे निघालेले शहरी पाहुणे रस्त्यात भेटले की त्यांना वाटायचं, हा कोणी व्रत घेतलेला बुवा दिसतोय. एकदोघांनी गाडी थांबवून हातही जोडले. मामा त्यांना सरळ आशीर्वाद देऊन मोकळे झाले. मी रागावले तर म्हणाले, "आसूं दे की गे. त्येंचं बरं झालं तर माझं काय जातंय?"

व्रत वगैरे काही नव्हतं. मामांना नागीण झाली होती. अंगावर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठतो, आग आग होते, आणि तिचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणतात, ती नागीण. गावाने रीतीप्रमाणे गेरू लावला, मंत्र घातला. तोंड-शेपूट काही जुळलं नाही. फोड सुकले, खपल्या पडल्या, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण दुखणं गेलंच नाही. कापड लागलं तरी चटका बसायचा, वारा लागला तरी कळ यायची. मामा म्हणायचे, "नागीण गेली, पण बीळ ठेवून गेली." मी रामनगरात शिवणकाम करते, तेव्हा मामांचे शर्ट माझ्याकडेच. डावी बाजू बगलेपासून कापायची आणि कडेला शिवण उलटी घालायची, म्हणजे टोचत नाही. असले अर्धे शर्ट मी किती शिवले, आता आठवत नाही.

बुधवंत हे त्यांचं नाव नव्हे, मान. कुंभारवाड्याच्या पुढे, बस जिथून माघारी वळते तिथून तासभर चाललं की आईचं गाव लागतं. सात-आठ घरं, मधे भाताची खाचरं, बाकी सगळं रान. अशा गावात एक बुधवंत असतो. भांडण झालं की त्याच्याकडे जायचं, सोयरीक जुळवायची तर त्याला विचारायचं. आणि मुख्य म्हणजे होळीच्या शिगम्याला देवाच्या मांडावर, त्या ठरलेल्या पवित्र जागी, सगळ्या गावासमोर, हातात नारळ धरून गाऱ्हाणं त्यानेच घालायचं. पाऊस, भात, गुरंढोरं, गव्यांचा नि रानडुकरांचा त्रास, गोव्याला कामाला गेलेली पोरं, बाळंतीण होणाऱ्या बायका, सगळं देवाच्या कानावर घालायचं, आणि दर मागणीला मागच्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. गाऱ्हाणं मधे तुटता कामा नये. आई गेल्यावर मला माहेर म्हणून उरलं ते मामांचं घर, आणि त्या घराला जी काही पत होती ती या गाऱ्हाण्याची.

मामा दुखतं असं कधी म्हणत नसत. "आज जरा हाय," म्हणायचे. फार झालं तर, "आज बरंच हाय." रामनगरच्या सुया झाल्या, झाडपाला झाला, कोणी सांगितलं म्हणून सात विहिरींचं पाणी झालं. गुण कशालाच नाही. मामी त्यांच्यासाठी थकून गेली आणि वर त्यांच्यावरच चिडायची, कारण चिडायला दुसरं कोणी नव्हतं. चिडून तरी काय करायचं? बरगडीवर बघावं तर कातडी साफ. हात मोडला असता तर गाव भाकरी घेऊन आलं असतं. न दिसणाऱ्या दुखण्याला कोण भाकरी आणतं? मीही कंटाळले होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. दुसऱ्याचं दुखणं वर्षानुवर्षं ऐकणंसुद्धा माणसाला झिजवतं.

शेवटी मी दोघांना बेळगावला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कानडी वळणाचं मराठी बोलायच्या. किती दुखतं, विचारलं. मामांनी नीट विचार करून सांगितलं, "बैल पायावर उभा ऱ्हायला तर जेवढं दुखंल तेवढं. पण बाय, ह्यो बैल हालतच न्हाई." बाई हसल्या नाहीत. नागिणीने नस दुखावली आहे, आणि ती नस आता उगीचच बोंबलत राहते, असं त्यांनी समजावलं. एक बारीकशी गोळी लिहून दिली. मन खचलेल्या माणसांना हीच गोळी जास्त प्रमाणात देतात, पण थोड्या प्रमाणात दिली तर ती नसांचं दुखणं कमी करते, म्हणाल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, तोंड सुकेल, सुस्ती येईल, आणि मनाने एकदम बंद करायची नाही. मन खचल्याचं ऐकून मामी पुढे सरकली. "मग मलाबी एक द्या की. सगळा जन्म ह्येंच्यासंगट काढलाय."

मामांना काळजी वेगळीच. "पथ्य काय?" बाई म्हणाल्या, खाण्यापिण्याचं काही नाही, फक्त दारू नको. मामा दारू पीतच नसत. ते बाहेर येऊन बाकड्यावर बसले, तोंड उतरलेलं. "पथ्य न्हाई त्ये औषध कसलं गे?" बसमध्ये बसेपर्यंत त्यांनी स्वतःच पथ्य ठरवून टाकलं होतं. पान सोडलं. मामांनी पान सोडणं म्हणजे काय ते आमच्या गावात विचारा. देवाशी बोलताना सोडलं तर त्यांच्या तोंडात कायम विडा असायचा. गोळीचा गुण आला तो गोळीचा की पानाचा, यावर मामा-मामींचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

कारण गुण आला. लगेच नाही. पहिले काही दिवस मामा नुसते पेंगले, आणि मामी मला फोन करायला टेकडीवर चढून रडली, की माणूस गेल्यात जमा आहे. मग सुस्ती उतरली. दिवाळीनंतर मी गेले तर मामा अंगणात केरसुणी बांधत बसले होते. खांद्यावर टॉवेल होता. डाव्या खांद्यावर. मामा म्हणाले, "हाय गे, अजून हाय. पण बैलानं पाय जरा बाजूला घेतलाय." मी एक शर्ट दोन्ही बाह्यांचा शिवून दिला, बरं असेल त्या दिवशी मामा तो घालायचे. त्यानंतर महिन्याची गोळ्यांची पाकिटं रामनगरातून कंडक्टरच्या हाती देणं हे माझं काम झालं. कंडक्टर भेटला नाही की मीच घेऊन जायची. मला वाटलं, चला, एक घोर मिटला. आमच्या घरात घोर मिटत नसतात, जागा बदलतात.

त्या शिगम्याला मामा नारळ घेऊन मांडावर उभे राहिले. गाऱ्हाणं भातापर्यंत आलं, गुरांपर्यंत आलं, आणि मधेच थांबलं. गोळीने तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटली. पाणी पिण्याची रीत नाही. मामा ओठ हलवत राहिले आणि आवाज येईना. कसंबसं पुढचं वाक्य आलं, गाऱ्हाणं पुरं झालं, पण 'व्हय म्हाराजा'मधला जोर गेला होता. माणसं एकमेकांकडे बघत होती.

पुढचं नारायणने केलं. नारायण मामांचा पुतण्या, रामनगरात दुकानावर कामाला. तो वाईट नाही. त्याच्या हातात फोन आहे, एवढंच. काका कसल्या गोळ्या खातात म्हणून त्याने पाकिटावरचं नाव फोनमध्ये घातलं आणि उत्तर वाचलं. थोड्या प्रमाणाचं वाचायला तो थांबला नाही. "काकाला डोक्याच्या गोळ्या चालू हायत," तो काळजीनेच बोलला असणार. पण आमच्याकडे काळजी तोंडातोंडी फिरली की तिची बदनामी होते. बांधाचं एक भांडण मामांकडे यायचं ते परस्पर कुंभारवाड्याला गेलं. सोयरिकीच्या बैठकीला मामांना बोलावणं आलं, पण कोणी मत विचारलं नाही.

वैशाखात मी गेले तर मामांनी पुन्हा शर्ट अर्धा केला होता. चेहरा ओढलेला.

"मामा, गोळी घेतलासा काय?"

"सोडली."

"कधी?"

"सोडली म्हटलं न्हवं?"

मी भांडले. एवढ्या लांबून पाकिटं पाठवते, एकदम सोडायची नाही म्हणून बाईंनी सांगितलं होतं, दुखणं तुम्हाला आवडायला लागलंय की काय, असं बरंच बोलले. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुखणारा बुधवंत चालतोय गे. पिसा बुधवंत कसा चालंल?" पिसा म्हणजे वेडा.

"तुम्ही पिसं न्हाई, ह्ये देवाला ठाऊक हाय की."

"देवाचं काय, त्यो ऐकून घेतोय. मागनं 'व्हय' म्हणणारी माणसं पायजेत."

वाद मामीने संपवला. तिने चुलीपुढूनच सांगितलं, "बुधवंतपण मला नगं. मला निजणारा नवरा पायजे. रातभर कण्हतोय ह्यो, आणि सकाळी गावाला शाणपण सांगतोय." मामा मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बेळगावला आले. बाईंनी गोळी पुन्हा सुरू केली. तोंड सुकतं त्याला काय करू, मामांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "घोट घोट पाणी प्या." मामा म्हणाले, "आमच्या देवाला सांगा की त्ये."

माघात गावाची बैठक बसली. औंदा गाऱ्हाणं नारायणने घालावं असं दोघातिघांनी सुचवलं. नारायण जमिनीकडे बघत होता. मामा म्हणाले, "मीच घालतो. तुटलं तर नारळ त्येच्या हातात देतो, आणि परत मागत न्हाई." म्हणजे जन्माचा मान एका वाक्यावर लावला. त्या शिगम्याला मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. मामांच्या पायाशी पाण्याचा तांब्या होता. तो बघून कुजबुज सुरू झाली.

मामांनी सुरुवात केली. पाऊस, भात, गुरं. मग ते थांबले. मी डोळे मिटले. आणि मामांचा आवाज आला, सुकलेला, चिरका, पण गाऱ्हाण्याच्याच सुरात:

"आणि म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या बरगडीत दुखणं हाय. त्ये कुणाला दिसत न्हाई, पण हाय!"

माणसांना सवयच अशी, की सूर उतरला की तोंड आपोआप उघडतं. "व्हय म्हाराजा!"

"त्येच्यासाठी बारीक गोळी चालू हाय. ती पिसेपणाची न्हवं. जो कोण तसं म्हणत असंल त्येला तू माफ कर, आणि त्येच्या घरात असलं दुखणं घालू नगो!"

आता न म्हणण्याची सोयच नव्हती. असलं दुखणं आपल्या घरात कोणाला हवं असतं? "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज नारायणचा.

"त्या गोळीनं तोंड सुकतंय. म्हणून तुज्यापुढं पाण्याचा घोट घेतोय, राग मानू नगो!"

"व्हय म्हाराजा!"

मामा वाकले, तांब्या उचलला आणि सगळ्या गावासमोर सावकाश पाणी प्याले. मग गव्या-रानडुकरांपासून पुढचं गाऱ्हाणं एका दमात पुरं केलं. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. मांडावरून खाली उतरताना मामा एवढंच म्हणाले, "खोटं कायबी बोललो न्हाई न्हवं?"

त्यानंतर पावसाआधी माझ्याकडे एकेक बाई यायला लागली. कुणाची जुनी कंबर, कुणाचे जळणारे तळपाय. प्रत्येकीने आधी दाराकडे बघून घ्यायचं आणि मग हळूच म्हणायचं, मलाबी दिसत नसलेलं हाय. सगळ्यांना तीच गोळी लागत नाही, हे समजावता समजावता माझा जीव जायचा. पण बेळगावची बस मला पाठ झाली, आणि डॉक्टरीणबाई मला बघितलं की विचारतात, आज किती जणी?

मामा गेल्या श्रावणात गेले. झोपेत गेले, शांत. दुखणं शेवटपर्यंत होतं, थोडं कमी, थोडं जास्त. ते पूर्ण जाईल असं कोणी कबूल केलंही नव्हतं. मामांच्या अंगावर त्या दिवशी मी शिवलेला पुरा शर्ट होता, दोन्ही बाह्यांचा. मामीने घातला. म्हणाली, आता टोचणार न्हाई.

यंदाचं गाऱ्हाणं नारायणने घातलं. मी जाणार नव्हते, अंगात त्राण नव्हतं, पण मामी एकटी म्हणून गेले. नारायणला लिहिलेलं काही नव्हतं, काकांच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच. पाऊस, भात, गुरं, सगळं जागच्या जागी आलं. मग तो थांबला आणि त्याच सुरात म्हणाला, "आणि म्हाराजा, ज्येचं दुखणं कुणाला दिसत न्हाई, त्येचंबी हाय!" गाव म्हणालं, व्हय म्हाराजा. मग नारायण वाकला, पायाजवळचा तांब्या उचलला, एक घोट पाणी प्याला आणि पुढे बोलू लागला.

नंतर मी त्याला विचारलं, तुझं तोंड सुकलं होतं काय रे? तो माझ्याकडे बघतच राहिला. "न्हाई की," म्हणाला. "तितं पाणी प्यायचं असतंय."

मी मांडाच्या दगडावर बसले आणि मला मामांची इतकी आठवण आली की मामीने हाक मारली तरी उठवेना.