गप बसणाऱ्यांची हजेरी

माझी बहीण नूतन एका सॉफ्टवेअरची अध्यक्ष आहे. हसू नका. मी आठ वर्षं हसलो, आता थकलो.

सॉफ्टवेअर असं का वीस-पंचवीस वर्षं जुन्या फाइली, ज्या आता कोणताच कॉम्प्युटर उघडत नाई, त्या ते उघडून देते. कोणालेही, फुकट. बनवणारे नूतन धरून पाच जण, पाच मुलखातले, सगळे बिनपगारी. त्यायच्या डोक्यावर एक परदेशी फाउंडेशन, अन् फाउंडेशनच्या डोक्यावर बोर्ड. त्या बोर्डाले दर तीन महिन्यांनी रिपोर्ट पाह्यजे, का प्रोजेक्टची तब्येत कशी आहे. कामं किती झाली, भांडणं किती झाली, अन् मुख्य म्हणजे निदान तीन सभासद जागे आहेत का? तीन नसले तर प्रोजेक्टले कुलूप. हा रिपोर्ट नूतन लिहते, इथी धानोऱ्यात, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या टेबलावर, कारण नेट तिथीच धड चालते. दिवसा कॉम्प्युटर क्लासात शिकवते अन् संध्याकाळी जगाची तब्येत पाह्यते. स्वतःची पाठ दुखते, त्याचा रिपोर्ट कधी नाई.

अध्यक्ष कशी झाली तेही ऐका. जुन्या अध्यक्षानं सोडलं, मेल आला, "नूतननं व्हावं, कोणाची हरकत?" त्यायचा कायदा असा का बहात्तर तास कोणी काही बोललं नाई तर सगळ्यायची मंजुरी. कोणी बोललं नाई. नूतनही बोलली नाई, तिले ताप होता. झाली अध्यक्ष!

तेव्हापासून तिचे रिपोर्टही तसेच पास. मसुदा टाकायचा, तीन दिवस थांबायचं, कोणी चूं केलं नाई का खाली लिहायचं, "पाचही सभासद सहमत. तब्येत उत्तम." बोर्ड खूश. मी म्हणो, "बाई, इतकी उत्तम तब्येत तर आपल्या सरपंचाचीही नाई."

मागच्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी आई दुकानात आली. आमची आई बायनाबाई पंचवीस वर्षांपासून गावच्या ग्रामसभेत बसते, जंगलाचा एक ठराव तिच्याशिवाय होत नाई. चहा पिता पिता तिनं नूतनले विचारलं, काय लिहून राह्यली. नूतननं वाचून दाखवलं.

"पाचही आले होते का सभेले?"

"सभा मेलवर असते आई. कोणी काही बोललं नाई म्हणजे हो."

"गप बसला म्हणजे हो?" आईनं कप खाली ठेवला. "आमच्यात एक जण गप बसला तर ठराव अडते. त्याच्या तोंडून निघालं पाह्यजे. अन् जो आलाच नाई त्याच्या घरी माणूस जाते, का बापा, काऊन नाई आला? बिमार आहे का रुसला? तुमच्यात कोणी जात नाई?"

नूतननं तोंड वाकडं केलं. पण पोट्टी जिद्दी. त्याच संध्याकाळी तिनं चौघायलेही वेगवेगळं पत्र लिहलं. एकच शब्द पाठवा, आहे का नाई.

पोलंडवाल्यानं लगेच "आहे" म्हटलं. दुसऱ्यानं लिहलं, लग्न झालं, जुळे झाले, झोप उडाली, माझं नाव काढा. कॅनडातल्या म्हाताऱ्याच्या पत्त्यावरून त्याच्या पोरीचं उत्तर आलं. बाबाले जाऊन चौदा महिने झाले.

नूतननं बोटावर मोजलं. चौदा महिन्यांत चार रिपोर्ट. चारही रिपोर्टांत तो माणूस सहमत.

"भाऊ, मी मेलेल्या माणसाचा होकार लिहून राह्यली होती," ती म्हणाली अन् रडाले लागली. मी मशीन बंद केली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याले उद्या ये म्हटलं.

मग मी अक्कल पाजळली. "सांगू नको बोर्डाले. अजून एक रिपोर्ट तसाच काढ, तेवढ्यात माणूस पाहू. नाईतर कुलूप लागन." खोटं काऊन बोलू, मी असंच म्हटलं. आठ वर्षं ज्या कामाले फालतू म्हणलो, ते बंद होते म्हटल्यावर मीच वाचवाले निघालो.

तिनं ऐकलं नाई. लिहलं, "जागे आम्ही दोघंच. एक सुटले, एक वारले. वारलेल्याले मी चार वेळा सहमत दाखवलं, चूक माझी. पाचव्या सभासदाचं उत्तर नाई." बोर्डाचा जवाब आला. दुःख वाटलं, आभार, अन् महिनाभरात तिसरा माणूस दाखवा, नाईतर प्रोजेक्ट बंद. भल्ले सभ्य लोक, कुलूपही आभार मानून लावते.

पाचवी सभासद केनियातली एक बाई होती. तिले चार मेल गेले, जवाब नाई. आई दर बाजाराले विचारे, "गेली का तिच्या घरी?" मी म्हणो, "आई, केनिया काय मुरूमगावच्या रस्त्यावर आहे?" पण नूतननं ते बोलणं मनावर घेतलं. ती बाई आधी ज्या कंपनीत होती तिथी फोन लावला, तिथून दुसरा नंबर, तिथून तिसरा. महिन्याले चार दिवस उरले तेव्हा बाईनं स्वतः फोन उचलला. स्पीकर चालू होता, मीही ऐकून राह्यलो होतो.

नूतन म्हणाली, तुम्ही आहात का नाई, एवढंच विचाराले फोन केला.

मग बाई म्हणाली, "तो मेलचा पत्ता मी तीन वर्षांपासून उघडत नाई. नवा पत्ता तेव्हाच सगळ्यायले कळवला होता. कोणी काहीच बोललं नाई. मले वाटलं, मी तुमाले नको."

नूतनचा चेहरा उतरला. तो मेल तिनं तेव्हा वाचला होता, अन् दुसरं कोणी उत्तर देईन म्हणून सोडला होता, मग पार विसरली.

"मी आहे का अजून तुमच्यात?" बाईनं विचारलं.

नूतन आधी माफ करा म्हणाली. मग हो म्हणाली, अन् आवाज नीट गेला का नाई म्हणून पुन्हा हो म्हणाली.