तीन गावांचं एक पोट

शेषेरावांचं एकच पोट तीन गावांत वाटलेलं होतं. गॅस धरला की लातूर, पातळ झालं की औसा आणि काहीच होईना झालं की नांदेड. बदलीवरच्या तलाठ्यालासुद्धा एवढी गावं फिरावी लागत नसतील. बरं, माणूस येडा म्हणावा तर तसंही नव्हतं. लातुरात क्लासच्या पोरांची मेस चालवणाऱ्याला येडं असून चालतच नाही.

खरी गोम मेसमध्येच होती. शिंप्याचं पोट बिघडलं तर लोक त्याला ताक प्यायला सांगतात. मेसवाल्याचं पोट बिघडलं तर लोक त्याची मेस सोडतात. शेषेरावांना हगवण लागली एवढी बातमी गल्लीत फुटली असती, तर सकाळी भरलेली पंगत संध्याकाळी समोरच्या मेसमध्ये जाऊन बसली असती. म्हणून लातूरच्या डॉक्टरांना ते फक्त गॅस सांगायचे. गॅस इभ्रतीचा आजार आहे, तो आमदारालाही होतो. बाकीच्या दोन गोष्टी मात्र गावाबाहेर नेऊनच सांगायच्या, असा त्यांनी स्वतःपुरता कायदा केला होता.

त्यात स्वतःच्या हातानं गळ्यात धोंडा बांधून घेतलेला. क्लासेसचं पीक जोरात यायला लागलं तेव्हा गल्लीत घरटी एक मेस निघाली. कोणी कसलंही तेल वापरायचं आणि मालक मात्र घरी वेगळं शिजवून खायचा. त्या सगळ्यांवर मात करायची म्हणून शेषेरावांनी दारावर पाटी लावली, 'मालक स्वतः पंगतीत जेवतात'. पाटीनं कमाल केली. जूनमध्ये पोरांना सोडायला आलेले आईबाप ती पाटी वाचायचे, मालकाशेजारी ताट मांडून बसायचे आणि मालकाच्या तोंडाकडं बघत जेवायचे. मालकानं शेवटपर्यंत ताट संपवलं की पोराची वळकटी आत यायची. मालक मधेच उठला तर काय व्हायचं, याचा विचार करूनच शेषेरावांच्या पोटात गोळा यायचा आणि गोळा आला की उठावंच लागायचं.

हे दुखणं भूकंपाचं. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात घराची भिंत आडवी झाली, माणसं वाचली. पुढं कित्येक महिने पत्र्याच्या शेडात काढले. टँकरच्या पाण्यानं सगळ्या शेडाला एकदमच जुलाब लागले, लाज कोणी कोणाची धरायची? यथावकाश सगळ्यांची घरं उभी राहिली, सगळ्यांची पोटं जागेवर आली. शेषेरावांच्या पोटाचं तेवढं पुनर्वसन राहून गेलं. जमीन भावाच्या हवाली करून ते बायकोला घेऊन लातूरला आले, पोट काही गावाकडं ठेवून येता आलं नाही.

बायको म्हणजे सरजाबाई. शेषेराव पंगतीत मागच्या दाराजवळ बसायचे आणि सरजाबाई तव्यावरून त्यांच्या कपाळाकडं लक्ष ठेवायच्या. कपाळावर घाम दिसला रे दिसला की त्या आतून हाक द्यायच्या, "आवं, सिलिंडर आलंय." की शेषेराव ताटावरून उठून मागच्या दारानं पसार. लातुरात लोक गॅससाठी नंबर लावून महिना महिना बसायचे आणि या मेसमध्ये एका जेवणात दोनदा सिलिंडर यायचं. कोणाला कसा संशय आला नाही, याचं सरजाबाईंना नवल वाटायचं. शेषेरावांना आपल्या हुशारीचा अभिमान वाटायचा. मोकळे होऊन आले की हात धुऊन पुन्हा त्याच ताटावर बसायचे आणि शेवटचा घास संपवायचे.

हुशारीची कमाल एकदा लोह्याच्या स्टँडवर झाली. चार दिवस काहीच झालेलं नव्हतं, म्हणून स्वारी नांदेडची एसटी धरून निघाली. अहमदपूरपर्यंत पोट दगडासारखं गप्प होतं. लोह्याच्या अलीकडं गुरगुरायला लागलं आणि गाडी स्टँडवर थांबायच्या आत शेषेरावांनी उडी घेतली. बाहेर आले तेव्हा गाडी निघून गेली होती आणि तक्रारही. आता नांदेडच्या डॉक्टरांना सांगायचं काय? ते तर घट्ट पोटाचे डॉक्टर. हे पातळचं प्रकरण झालं, म्हणजे औशाचं. शेषेरावांनी रस्ता ओलांडला आणि उलट्या दिशेची गाडी पकडली. औशाला पोचेपर्यंत पोट पुन्हा आवळलं. एवढी तंगडतोड केलीच आहे तर रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यांनी जुलाब थांबवायच्या गोळ्या घेतल्याच आणि इमानदारीनं खाल्ल्या. त्यानंतरचा आठवडा कसा गेला, हे सरजाबाईंनी कोणाला सांगितलं नाही. शेजारणीला मात्र नवऱ्याचा रक्तदाब वाढलाय म्हणाल्या.

मग तो मे महिना आला. पोट आता गावांच्या हद्दी पाळेनासं झालं होतं. सकाळी औसा, दुपारी लातूर, रात्री नांदेड. जून तोंडावर आलेला, आईबाप येणार, शेजारी ताटं मांडणार. या वर्षी आपण पंगतीतच उघडे पडणार आणि मेस जाणार, असं शेषेरावांना पक्कं वाटायला लागलं. मेस गेली तर करायचं काय? गावाकडं भावाच्या दारात उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. धास्ती घेऊनच ते नांदेडला डॉक्टर लेनमध्ये गेले. म्हातारे डॉक्टर आता बसत नव्हते. त्यांच्या खुर्चीवर एक तरणा डॉक्टर होता.

"बोला, काय त्रास?" त्यानं विचारलं.

"संडास साफ होत न्हाई," शेषेराव म्हणाले. नांदेडला एवढंच सांगायचं असायचं.

डॉक्टरनं मान वर केली. बघतच राहिला. "शेषेराव मामा ना? मी हारिस. मकबूल टेलरचा. अकरावी-बारावीची दोन वर्षं तुमच्याकडं जेवायला होतो."

शेषेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. लातुरातून तोंड लपवत इथवर यायचं आणि समोर आपल्याच पंगतीतलं पोरगं बसलेलं असावं? ते उठायलाच लागले.

"बसा मामा," हारिस म्हणाला. "साफ होत नाही म्हणता. मग ते सिलिंडर?"

शेषेराव बसले.

"सगळ्या मेसला ठाऊक होतं," हारिस अगदी साधेपणानं म्हणाला. "रूमवर कोणाचं पोट बिघडलं की आम्ही सिलिंडर आलं म्हणायचो."

"सगळ्याला?" शेषेरावांनी विचारलं. लाजेनं कान तापले. "मग येत कामून होते रे जेवायला?"

"तुमच्या भाजीत तिखट बेतानं असायचं. पेपरच्या आठवड्यात आमची पोटं तुमच्यापेक्षा वाईट असायची. आणि तुम्ही उठून गेलात तरी येऊन तेच ताट संपवायचात. जेवणात खोट असती तर तुम्ही परत कशाला बसला असता?"

शेषेरावांनी उगाच टेबलावरचा पेपरवेट फिरवला आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं सांगून टाकलं. लातूरचा गॅस, औशाच्या गोळ्या, नांदेडची पावडर, लोह्याचा स्टँड, सगळं. हारिस लोह्यापाशी हसला, पण ऐकत राहिला. मग एकेक विचारत गेला. दुखणं जाऊन आल्यावर हलकं होतं का? होतं. कधी रक्त पडलं का? न्हाई. झोपेतून उठून पळावं लागतं का? न्हाई, झोप झकास. ताप? न्हाई. वजन उतरलं का?

"मेसवाल्याचं वजन उतरलं तर मेस बंदच करावी," शेषेराव म्हणाले.

हारिसनं रक्त तपासलं, संडास तपासली. पन्नाशी ओलांडली होती म्हणून दुर्बिणीनं आतडंही बघून घेतलं. आठवड्यानं सरजाबाईंना घेऊन बोलावलं. सगळं साफ निघालं होतं. शेषेरावांना आनंद व्हायच्या ऐवजी राग आला.

"एवढी नळी घातली आन काहीच न्हाई? मग मी इतके साल नाटक करून राहिलो का?"

"नाटक नाही मामा. आतडं दिसायला ठणठणीत आहे, वागायला लहरी आहे. आयबीएस म्हणतात त्याला. कधी पातळ, कधी घट्ट, कधी नुसतं फुगलेलं. आजार एकच. शेडातल्या त्या जुलाबापासून आतडं हळवं झालं असणार, आणि धास्ती घेतली की ते जास्तच बिथरतं. तुमच्या तिन्ही डॉक्टरांचं काही चुकलं नाही. तुम्ही प्रत्येकाला एकच तुकडा दाखवला. औशाची गोळी कुलूप लावायची, नांदेडची पावडर ते फोडायची."

"एकच हाय?" सरजाबाईंनी विचारलं. "मग आमी एवढी एसटी कशापायी पोसली?"

हारिसनं जुन्या गोळ्या बंद केल्या, नव्या मोजक्या दिल्या, कशानं बिघडतं त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. मुळासकट जाणारा आजार नाही, पण ताब्यात राहतो, हेही स्पष्ट सांगितलं. निघताना म्हणाला, "आणि मामा, ते सिलिंडर बंद करा. लपवायची धास्ती हीच अर्धी पीडा आहे."

"ते न्हाई जमायचं," शेषेराव म्हणाले. "जून हाय."

जून आलाच. पहिल्याच रविवारी भोकरचे हणमंतराव आपल्या शिवमला घेऊन आले. मोठे शेतकरी आणि नजर सरकारी तपासनिसाची. पाणी कुठलं, तेल कुठलं, डाळ धुता का, विचारून विचारून त्यांनी सरजाबाईंना भंडावून सोडलं. मग पाटी दोनदा वाचली आणि शेषेरावांना खेटून ताट मांडलं. पंगतीत आणखी सात-आठ आईबाप. सगळ्यांच्या माना मालकाकडं.

भाकरी अर्धी झाली असेल, हणमंतरावांनी एकदम कान टवकारला. "भोकरचा फोन आला वाटतं, आलोच," म्हणाले आणि घाईनं मागच्या दारानं गेले. शेषेरावांना हायसं वाटलं. पण पोटाला काय, त्यानं तेवढ्यातच पीळ घातला. कपाळावर घाम आला. आतून हाक आलीच.

"आवं, सिलिंडर आलंय."

शेषेराव उठले. दारापर्यंत गेले आणि थांबले. पंगतीतल्या जुन्या पोरांनी खाली मान घातली होती. ती पोरं हसू दाबून राहिली होती, हे शेषेरावांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. ते वळले.

"सिलिंडर न्हाई आलं," ते म्हणाले. "मला आतड्याचा आजार हाय. भूकंपापासूनचा. जेवणानं झालेला न्हाई, तपासून घेतलंय. जेवताना मधेच जावं लागतं, आता बी जाऊन राहिलो. येऊन हेच ताट संपवणार हाय. कोणाला उठायचं असंल तर खुशाल उठा."

सरजाबाईंच्या तव्यावरची भाकरी करपली. शेषेराव मागं वळून न बघता अंगणात गेले. आता मेस राहते की जाते ते बघायलाही फुरसत नव्हती. संडासाच्या दाराला हात घातला तर आतून कडी.

"कोण हाय आत? लवकर आटपा," ते कळवळून म्हणाले.

आतून दबका आवाज आला. "झालंच, झालंच."

दार उघडलं आणि हणमंतराव बाहेर आले. फोन त्यांच्या हातात नव्हता, खिशात नव्हता. तो ताटाशेजारी शिवमपाशीच पडलेला होता, आणि मघाशी तो वाजला होता असं पंगतीत कोणीच शपथेवर सांगितलं नसतं. भिंतीला एक झरोका होता, त्यातून पंगतीतलं सगळं आत ऐकू जायचं.

हणमंतराव हात धुवायला वाकले. वाकल्या वाकल्याच, वर न बघता हळूच म्हणाले, "मालक, आम्हाला बी लई वर्षांपासून हाय. आमच्या शिवमला बी पेपर आला की चालू होतं." मग आवाज आणखी खाली आणून त्यांनी विचारलं, "तुम्हाला तपासलेला डॉक्टर कुठं बसतो?"

"नांदेड," शेषेराव आत शिरता शिरता म्हणाले. "पण जाताना सगळं सांगा. आन आधी ताटावर जाऊन बसा, भाकरी गार होऊन राहिली."

ते परत आले तेव्हा पंगतीतली सगळी ताटं जागेवर होती. हणमंतराव वरणात भाकरी कुस्करत होते आणि शिवमची वळकटी आतल्या खोलीत गेलेली होती.